हळू वाच

तिसरीच्या वर्गात कार्तिकी दराडे वाचायला उभी राहते
तेव्हा ओठ हलतात, आवाज येत नाही.
मी म्हणते, मोठ्यानं वाच.
ती पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करते,
तितक्याच हळू.
मागचा सोहम हसतो.
वर्गातला पंखा तिच्यापेक्षा जास्त बोलतो.

जूनपासून मी तिच्या नावापुढे लिहीत आले :
प्रकट वाचन – सुधारणा आवश्यक.
पेन्सिलीनं लिहिलं,
शाईनं लिहायला हात धजेना.
सभेत मुख्याध्यापकांनी कारण विचारलं,
आणि स्वतःच सांगितलं, पालकांचं लक्ष नाही.
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून,
आता आठवत नाही.

दिवाळीआधीच्या एका शनिवारी
सकाळची शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.
मुसळगावच्या कंपन्या जिथून दिसतात त्या अंगाला,
पत्र्याची एक खोली, बाहेर निळा पिंप,
दार नुसतं लोटलेलं.
कार्तिकी उंबऱ्यावर पाटी-दप्तर मांडून बसली होती,
मांडीवर धाकटा भाऊ.
मला पाहिलं आणि
तोंडावर बोट ठेवलं,
अगदी मी वर्गात ठेवते तसं.

आत रामनाथ दराडे झोपलेले.
डोळ्यांवर ओला रुमाल,
पायांत अजून कंपनीचे मोजे.
तिसरी पाळी, रात्री अकरा ते सकाळी सात.
कळशी भरायची ती बोटभर धारेनं.
कुकर चुलतीच्या घरी लावायचा.
बाळाचा खुळखुळा बाजरीच्या डब्यात खोल पुरलेला.

आई पॅकिंगला जाते, आठच्या गाडीनं.
"बाबा उतरतात अन् आई चढते,"
कार्तिकी माझ्या कानाशी म्हणाली,
"फाट्यावर. किल्ली तिथंच देते."
एवढं लांब वाक्य
मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तिच्या नाकावरचा चष्मा
रात्रपाळीच्या भत्त्यातून आलेला.
म्हणजे फळ्यावर मी लिहिते ते तिला दिसतं
कारण बाप रात्रभर जागतो,
आणि पुस्तकातलं ती मला ऐकवू शकत नाही
कारण बाप दिवसा झोपतो.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं
ते प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.
चहा नको म्हणाले. स्टोव्हचा आवाज झाला असता.

जानेवारीत कंपनीनं ठेकेदाराच्या माणसांना ब्रेक दिला.
मला ते कुणी सांगितलं नाही.
एका सोमवारी धडा वाचताना
कार्तिकीचा आवाज थेट व्हरांड्यात गेला.
सोहम वळून बघायला लागला.
ती स्वतःही एकदा दचकून थांबली,
कुणी जागं तर झालं नाही ना,
मग पुढचा परिच्छेद सगळा घडाघडा.
मी खोडरबर काढलं. शेरा पुसला.
कागद थोडा फाटलाच.

त्याच आठवड्यात चष्म्याची काडी मोडली.
तिथं शिवणाचा दोरा आला, गुंडाळून गुंडाळून.
मग दोराही सुटला.
मग ती पहिल्या बाकावर आली,
मग फळ्यापाशी सतरंजीवर.
सहलीच्या यादीतलं तिचं नाव
तिनंच येऊन खोडायला सांगितलं,
चांगल्या खणखणीत आवाजात.
वाचत होती सुंदर.
वहीत मात्र माझ्या आठाचे तीन होत होते,
आणि मी
दोन्हींना बरोबरची खूण देत होते.

मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी,
तिला उठवलं. पान एक्केचाळीस.
ओठ हलले.
वर्ग वाट बघत राहिला.
मी पंखा बंद केला, खिडकी लोटली,
खुर्ची उचलून तिच्या बाकाशी नेली
आणि कान पुढं केला.
ती वाचत होती, एकही शब्द न चुकता,
झोपलेल्या माणसाशेजारी वाचावं तसं.

चष्म्याला नवी काडी होती.
एक काळी, एक तपकिरी.